गार्डसाहेबांचा देवमासा: अकोला ते मिरिसा

श्रीलंकेला जाऊन देवमासा पाहायचा हे आमचं ठरलं मूर्तिजापूरच्या एका लग्नाच्या पंगतीत. खरं तर तिथे विषय वाघाचा चालू होता. माझा पुण्यात नोकरी करणारा मावसभाऊ आदल्याच आठवड्यात जंगल सफारी करून आला होता. पहिल्याच फेरीत त्याला वाघीण दिसली, सोबत दोन बछडे. त्याचा मोबाइल पंगतीतून फिरत होता. वरणाचे हात लागून काच पिवळी झाली तरी वाघीण दिसत होती. मोबाइल माझ्या बाबांच्या पत्रावळीपाशी आला तेव्हा सगळी पंगत जेवायची थांबली.

कारण सांगते. माझे बाबा वनरक्षक होते. एकतीस वर्षं मेळघाटात काढली, त्यातली निम्म्याहून अधिक सेमाडोहच्या आसपास. आणि या एकतीस वर्षांत त्यांना एकदाही वाघ दिसला नाही. आमच्या नात्यागोत्यातला हा सगळ्यात टिकाऊ विनोद आहे. नव्या जावयाला, नव्या सुनेला आधी हा सांगतात, मग पाणी विचारतात.

"मावसाजी," मावसभाऊ म्हणाला, "तुमी एकतीस वर्ष तिकडं काय झाडं मोजून राहिले होते?"

पंगत हसली. बाबाही हसले. "नाही दिसला बापा. नशिबात नोतं." मग त्यांनी मोबाइल लांब धरून एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "चांगली हाय वाघीन. पोटभर जेवेल दिसते." आणि मोबाइल पुढे सरकवला.

मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही. मी अमरावतीला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, वर्गात कोणी कोणाला हसलं की उभं करते. पण बापाला हसणाऱ्या नातेवाइकांना उभं कसं करणार? शिवाय एक दिवसाचा पाहुणा वाघीण पाहून येतो आणि जन्म घालवलेल्या माणसाला शेपटीचं टोकही दिसत नाही, याचा मला खरोखर राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याहून बाबांचा फोन. "बेटा, सगळ्यात मोठं जनावर कोनतं?"

"हत्ती."

"त्याच्याहून?"

"देवमासा. निळा."

"कुठं भेटते?"

मी शोधलं. आपल्याला जवळचं म्हणजे श्रीलंकेचं दक्षिण टोक, मिरिसा नावाचं गाव. नोव्हेंबर ते एप्रिल तिथून रोज सकाळी बोटी निघतात. मी हे सांगितल्यावर त्यांनी गावाचं नाव माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. मग बाबा म्हणाले, "एवढं मोठं असन त दिसनच." मी त्याच दिवशी रजेचा अर्ज लिहिला. आयुष्यात एकदा या माणसाला काहीतरी मोठं दिसलंच पाहिजे, आणि ते दाखवणं आता माझ्या अंगावर आहे, असं मी ठरवून टाकलं.

आईचा विरोध होता. ती भातकुलीकडची, खारपाणपट्ट्यातली. तिच्या माहेरच्या विहिरीचं पाणी इतकं खारट की त्यात तुरीची डाळ शिजायची नाही. "खारं पानी पाहाले पैसे देऊन काहून जाचं?" असा तिचा सवाल. शेवटी तह झाला. आईला कितीतरी वर्षांपासून श्रीलंकेतल्याच अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायचा होता. विहारातल्या तिच्या सगळ्या मैत्रिणी जाऊन आल्या होत्या, हीच राहिली होती. तेव्हा आधी तिचा पिंपळ, मग त्यांचा मासा.

आता तयारी. तुम्ही कोणी असा बेत करत असाल तर तयारीचा हा भाग वाचा आणि यातलं काहीही करू नका.

बाबांचं मत असं की जनावर दिसणं ही नंतरची गोष्ट, आधी बसता आलं पाहिजे. पाणवठ्यावरच्या गणनेला मचाणावर रात्र रात्र बसलेला माणूस तो. बोट सुमारे चार तासांची असते हे कळल्यावर त्यांनी अकोल्याच्या घराच्या गच्चीवर सराव लावला. सकाळी सहा ते दहा, सतरंजीवर, न बोलता, क्षितिजाकडे नजर लावून. आमच्या क्षितिजावर शेजाऱ्यांची काळी पाण्याची टाकी आहे. आई सोबत तुरीच्या शेंगा सोलायला घेऊन बसली, तर बाबा म्हणाले, "आवाज होऊन राहिला." तिने शेंगा ठेवल्या आणि ज्या नजरेने पाहिलं ती मी इथे लिहू शकत नाही.

खालच्या गाळ्यात रफीकभाईंचं गादीचं दुकान आहे. शटर उघडताना त्यांनी वर पाहिलं. "साहब, क्या देख रहे सुबह-सुबह?"

"देवमासा," बाबा हळू आवाजात म्हणाले.

"अच्छा," म्हणून रफीकभाई कापूस मोजायला आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "दिखा?" बाबांनी मान हलवली. तिसऱ्या दिवशी दूधवाला विचारायला लागला, आठवड्याभरात गल्ली. एक गृहस्थ तर जिना चढून वर आले, अर्धा तास टाकीकडे पाहत बसले आणि चहा घेऊन गेले. ते कशासाठी आले होते हे त्यांनाही ठाऊक नसावं.

दुसरी परीक्षा मळमळीची. बोटीत उलट्या होतात असं मी वाचलं होतं, ते चुकून मोठ्याने वाचलं. झालं. एका शनिवारी आम्ही तिघं परतवाड्याहून सेमाडोहच्या एसटीत शेवटच्या बाकावर बसलो. परतवाड्याला आलुबोंडे मुद्दाम पोटभर खाल्ले, कारण रिकाम्या पोटी परीक्षा खरी नव्हे असं बाबांचं म्हणणं. गाडी जवळजवळ रिकामी होती.

कंडक्टर मागे आला. "मांगं काहून बसले काका? समोर पुरी गाडी खाली हाय."

"प्रॅक्टिस करून राहिलो."

"कायची?"

"बोटीची."

कंडक्टरने बाबांकडे पाहिलं, खिडकीतून डोंगराकडे पाहिलं, आणि तीन तिकिटं देऊन पुढे जाऊन बसला. निकाल असा: आई वाटेतल्या घटांग गावाच्या अलीकडे नापास, मी घटांगच्या पलीकडे, बाबा विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण. सेमाडोहला चहाच्या हॉटेलवाल्याने बाबांना ओळखलं आणि पहिला प्रश्न टाकला, "गार्डसाहेब, आता तरी दिसला का?" बाबा म्हणाले, "नाही ना बापा." तोही हसला. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. बहुतेक कीव आली असावी.

जानेवारीच्या शेवटी निघालो. अकोला ते नागपूर रेल्वे, नागपूरहून विमानाने चेन्नई, तिथून कोलंबो दीड तास. व्हिसाची परवानगी ऑनलाइन मिळते, नियम बदलत राहतात म्हणून निघण्याआधी पुन्हा तपासा. ठेचा हातातल्या बॅगेत ठेवू नका. आमची बरणी तपासणीच्या टेबलावर उघडली गेली, आणि तिघा अधिकाऱ्यांना पाठोपाठ ठसका लागला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र बिनबोभाट गेली आणि पाच दिवस टिकली.

कपड्यांचं भांडण विमानतळापर्यंत चालू होतं. जंगलात भडक रंग घालत नाहीत, म्हणून बाबांनी सगळ्यांना हिरवे आणि मातकट कपडे सक्तीचे केले होते. बोधिवृक्षाला आईला पांढरीच साडी नेसायची होती. तोडगा निघाला: अनुराधपूरपर्यंत पांढरं, त्यापुढे हिरवं.

अनुराधपूरबद्दल मी फार लिहिणार नाही. कोलंबोहून रेल्वेने चार-साडेचार तास लागतात. वृक्षाभोवती सोन्याच्या रंगाचं कुंपण आहे, अनवाणी जावं लागतं, आणि दुपारी फरशी तापते तेव्हा पायमोजे ठेवा. आई भिंतीला टेकून बसली ती किती वेळ हलली नाही. गच्चीवर अर्धा तास गप्प न राहणारी माझी आई. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. तिच्याकडे पाहून मीही रडले, लिहायला लाज कसली. बाबा आमच्या बाजूला हात जोडून बसले होते, पण मधूनच झाडावरच्या वानरांकडे पाहत होते. उठताना मला म्हणाले, "वांदरं निवांत हायेत. आसपास बिबट नाही." आईने ऐकलं आणि तिचं रडणं थांबलं.

कोलंबोहून दक्षिणेला जाणारी रेल्वे समुद्राच्या अगदी कडेने जाते. उजवीकडची खिडकी धरा. आईने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो या खिडकीतून. मिरिसाला उतरलो, खोलीवर सामान टाकलं आणि तिला किनाऱ्यावर नेलं. तिने वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"आमच्या विहिरीचं याच्याहून बरं होतं," ती म्हणाली.

तिथलं जेवण म्हणजे भात आणि पाच-सहा प्रकारच्या भाज्या, सगळ्यांत नारळ. वरणातही नारळ. तिखट आपल्यासारखं, त्यामुळे वऱ्हाडी माणूस उपाशी मरणार नाही. दोन दिवसांनी आईला नारळाचा कंटाळा आला आणि दशम्या बाहेर निघाल्या. समुद्राजवळची खोली दोन रस्ते मागे घेतली तर बरीच स्वस्त पडते. बोटीचं तिकीट माणशी चार-पाच हजार भारतीय रुपयांच्या आसपास पडलं. दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या, आणि जनावराच्या फार जवळ न नेणारी बोट निवडा. बाबांनी तर तिकीटवाल्याला मला इंग्रजीत विचारायला लावलं की बोट वाऱ्याच्या खालच्या अंगाने जाते ना. नाहीतर जनावराला आपला वास लागतो. तिकीटवाल्याने फार विचार केला आणि हो म्हणाला.

सकाळी साडेसहाला बंदरावर. आम्ही तिघंही हिरवे, अंगाला साबण नाही, केसांना तेल नाही. बोटीवर चाळीसेक माणसं, आणि चढताच प्रत्येकाला भडक नारंगी रंगाचं तरंगजाकीट.

"हे कोनं ठरवलं?" बाबांनी मला विचारलं. पाच मिनिटांनी पाहते तर त्यांनी जाकीट आतून घालून वरून हिरवा शर्ट चढवला होता. गळ्यापर्यंत फुगलेले, हात बाजूला तरंगत असलेले. बोटीवरच्या माणसाने हसत हसत पण ठामपणे ते परत बाहेर घालायला लावलं. मग इंजिन सुरू झालं, त्यावर गाणी सुरू झाली, आणि बाबा कपाळाला हात लावून बसले. "असं असते का जंगल?"

पहिला एक तास मजेत गेला. चहा आला, केळी आली. मग आईचं घटांग आलं. मळमळीची गोळी बोटीत चढण्याआधी घ्यायची असते, डॉक्टरांना विचारून. आईने गोळीऐवजी आवळा सुपारीवर भरवसा ठेवला होता. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि डोळे मिटून म्हणाली, "मेली व मी आता."

दीड तास काही नाही. दोन तास काही नाही. बोटीवरचा माणूस दुर्बिणीतून पाहत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. हेही हुकलं तर? लग्नात, सेमाडोहच्या हॉटेलात, गल्लीत, सगळीकडे ते पुन्हा हसत "नाही दिसला बापा" म्हणणार. मी कधी नव्हे ते मनातल्या मनात विनवण्या करायला लागले, कोणाला ते माहीत नाही. बाबा मात्र शांत होते. त्यांनी घरून आखून आणलेला तक्ता मांडीवर होता: वेळ, वारा, दिशा, प्रत्यक्ष दर्शन, शेरा.

इथून पुढचं लिहायची परवानगी बाबांनी एका अटीवर दिली आहे: वेळ, दिशा आणि जागा लिहायची नाही. बाकी काळजी नको, आमच्या नात्यात माझा ब्लॉग कोणी वाचत नाही.

डाव्या बाजूला डॉल्फिन निघाले. एकदम तीस-चाळीस असतील. सगळी बोट डावीकडे धावली, आरडाओरडा, फोन वर. आई मांडीवर असल्यामुळे मला उठता येईना, म्हणून उजव्या कठड्याशी आम्ही तिघंच उरलो. बाबा पाण्याकडे वाकून पाहत होते. पाण्यात गेरू कालवल्यासारखा लालसर पट्टा तरंगत होता. त्यांनी नाकाने वास घेतला.

"ताजी हाय," ते म्हणाले.

"काय ताजी?"

"विष्ठा."

मला वाटलं, बाबांना ऊन लागलं. (नंतर वाचलं तर खरंच, देवमासा बारीक झिंग्यांसारखे जीव खातो म्हणून त्याची विष्ठा त्याच रंगाची असते.) मी काही बोलणार तेवढ्यात बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

आणि तो वर आला. आधी श्वास. घाट चढून आलेल्या एसटीने थांबताना हवा सोडावी तसा, पण पोटात घुसणारा. मग पाठ. निळसर करडी पाठ पाण्यातून यायला लागली आणि येतच राहिली. मला वाटे आता संपेल, आणि ती संपत नव्हती. मागे गाणी, इंजिन आणि डॉल्फिनसाठीच्या टाळ्या चालू होत्या. कोणीही वळलं नाही. मी अर्धा वेळ देवमासा पाहिला आणि अर्धा वेळ बाबांना. त्यांनी फोटो काढला नाही, हात जोडले नाहीत, काही नाही. बसल्या जागी ते अगदी हलके झाले होते, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. मला इतका आनंद झाला की मी आईचं डोकं घट्ट धरलं आणि ती ओरडली.

पाठ खाली गेली. पाणी सपाट झालं. बाबांनी खिशातून पेन काढलं आणि तक्त्यात 'प्रत्यक्ष दर्शन' या रकान्यात सरकारी भाषेतलं 'काही नाही' लिहिलं: निरंक.

"बाबा," मी कुजबुजले, "हे काय? सांगा ना सगळ्यांना."

"काहून?"

"काहून म्हणजे? चाळीस माणसं पहाटेपासून उठून आली आहेत."

"दिसला मनलं की लोक इचारतात कुठं दिसला. दुसऱ्या दिवशी तिथं जीपा येतात."

"समुद्रात जीप कशी येईल?"

"बोटी येतीन," बाबा म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

आईने डोळे न उघडता विचारलं, "दिसला का हो?"

"नाही."

"तुमचं नशीबच तसं," आई म्हणाली आणि पुन्हा उलटीची पिशवी तोंडाशी धरली.

बंदरावर परतलो तेव्हा बोटवाल्यांनी माफी मागितली आणि जाहीर केलं की आज देवमासा दिसला नाही, तेव्हा उद्या सगळ्यांना फुकट नेऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे त्या चाळीस जणांसाठी तुम्ही बाबांना शिव्या देऊ नका, त्यांना दुसरी संधी मिळाली. आम्हालाही चिठ्ठ्या दिल्या. आईने तिची चिठ्ठी हातात घेतलीच नाही. बाबांनी आमच्या तिन्ही चिठ्ठ्या शेजारच्या कुटुंबाला दिल्या. ते म्हणाले, "थँक यू अंकल, बॅड लक." बाबा म्हणाले, "हो ना."

मी रागावले होते, खोटं कशाला बोलू. एवढा खर्च, एवढी रजा, गच्ची, एसटी, आणि या माणसाच्या हातात अखेर सांगण्यासारखी गोष्ट आली होती. ती घेऊन मूर्तिजापूरच्या पंगतीत छाती काढून बसता आलं असतं. आणि यांनी 'निरंक' लिहून घडी घातली. परतीच्या विमानात मी त्यांच्याशी फारसं बोलले नाही. ते खिडकीतून ढग बघत होते आणि तोंडावर ते बोटीवरचंच हलकेपण होतं.

अकोल्याला रिक्षातून उतरलो तर रफीकभाई दुकानातून बाहेर आले. "साहब, दिखा?"

"नहीं दिखा भाई."

रफीकभाईंना खरंच वाईट वाटलं. संध्याकाळी मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. घरात पाचसहा माणसं जमली होती. "मावसाजी, वाघ बी नाही, मासा बी नाही. तुमी चांदोबा तरी पाह्यला का कधी?" सगळे हसले, सगळ्यांत मोठ्याने बाबा. मग त्याने मला विचारलं, "तुले त दिसला असन?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते बशीतून चहा पीत होते.

"नाही," मी म्हणाले.

आता घरी येऊन महिना झाला. आईने अनुराधपूरला गळालेलं पिंपळाचं एक पान आणलंय, ते विहारातल्या सगळ्या मैत्रिणींना दाखवून झालंय. समुद्राबद्दल विचारलं की ती फक्त "खारट" एवढंच सांगते. कोणी मला विचारलं की जावं का, तर मी म्हणते जा, जानेवारी-फेब्रुवारीत जा, गोळी घ्या, पायमोजे ठेवा. दिसेल का, असं विचारलं तर मी पुन्हा पायमोज्यांचं सांगते.

गेल्या रविवारी अकोल्याला गेले होते. बाबा अंगणात सायकलच्या चेनला तेल देत होते. मी शेजारी पाटावर बसले. महिनाभर मनात होतं ते शेवटी विचारलं.

"बाबा, खरं सांगा. तुम्हाला वाघ दिसला होता ना?"

बाबांनी पेडल फिरवून पाहिलं. चेन नीट चालत होती.

"कोनता?" ते म्हणाले.